हात धुण्याच्या वर्षातला पवित्र गुरुवार

तुम्ही पोहोचता तेव्हा नुकतं फटफटलंय आणि वसई कधी नव्हे इतकी गप्प आहे. तारीख ५ एप्रिल २०२०. लोकल बंद होऊन दोन आठवडे झालेत. एरवी या वेळी फुलांच्या, भाजीच्या टोपल्या स्टेशनकडे निघालेल्या असतात. आज सोनचाफा झाडावरच उमललाय आणि झाडावरच काळा पडतोय. बावखलाच्या, म्हणजे गावतळ्याच्या, काठानं सावकाश चला. तोंडाला रुमाल बांधा आणि कुणाच्या फार जवळ उभे राहू नका. नाहीतर तुम्ही पुढच्या काळातून आलात, हे लोक त्यावरूनच ओळखतील.

आज झावळ्यांचा रविवार. चर्चच्या फाटकाला कुलूप आहे. २४ मार्चच्या केंद्राच्या आदेशात सगळी प्रार्थनास्थळं बंद आहेत, सवलत कुणालाच नाही. अंत्यविधीला फार तर २० माणसं. पण नारळाची झावळी बंद करणार कोण? वाडीतल्या घरात शिरा. मुलानं परसातली झावळी कापून दाराला बांधलीय. ओट्याच्या आत, तांदळाच्या डब्याला टेकवून मोबाइल उभा केलाय. पडद्यावर फादर, एक सेवक आणि रिकामी बाकं.

आजीकडे बघा. लाल लुगडं, तेही ठेवणीतलं. फोनसमोर ती उभी राहते, बसते, गुडघे टेकते. मिस्सेत एकही चूक नाही. मधेच चित्र थिजतं, फादरांचे हात हवेत अडकतात. नातू फोन हलवतो. आजी डोळे मिटून थांबते, जणू खुद्द फादरच विचारात पडलेत. मग कम्युनियनची वेळ येते. येशूला मनानं स्वीकारा, असं पडद्यावरून सांगतात. आजीचे ओठ सवयीनं किंचित उघडतात आणि तसेच मिटतात. तुम्ही नजर वळवता. ऑनलाइन मिस्सेचं कौतुक पुढं पुष्कळ होईल, आणि ते खोटंही नाही; पण या घरात तुम्ही जे पाहिलं ते त्या कौतुकात बसत नाही. हा धर्म जिभेवर ठेवायचा आहे, पाण्यानं शिंपडायचा आहे, ओठांनी चुंबायचा आहे. तो काचेतून येत नाही.

रात्री ९ वाजता पंतप्रधानांच्या सांगण्यावरून सगळा देश ९ मिनिटं विजेचे दिवे मालवून मेणबत्त्या-पणत्या लावतो. घरात मेणबत्त्या चिकार आहेत. पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, रात्रीसाठी आणलेल्याच पेटवल्या जातात. सकाळी झावळ्या, रात्री दिवे. नातवाला दोन्ही एकाच सणाचे वाटतात.

आता गुरुवारात या, ९ एप्रिल. या संध्याकाळी येशूनं शिष्यांचे पाय धुतले, म्हणून दरवर्षी फादर वेदीसमोर वाकून १२ जणांचे पाय धुतात. यंदा रोमहून आलेल्या सूचनेनुसार तो विधी वगळलाय. गंमत बघा: अख्खं जग २० सेकंद मोजून हात धुतंय, त्याच वर्षी चर्चमधलं पाय धुणं रद्द! फडताळातून फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ निघतं. तीनच महिन्यांपूर्वी उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, तेव्हा सारी वसई टीव्हीसमोर होती. मुलगा त्यातला पाय धुण्याचा उतारा वाचतो. मग काही न बोलता घमेलं आणतो, विहिरीचं पाणी ओततो आणि आईच्या पायाशी बसतो.

‘‘अरे, सोड, मातीचे पाय ते.’’

‘‘म्हणून तर.’’

वाडीत ६० वर्षं वाफे केलेले पाय. टाचांच्या भेगांत पाणी शिरतं. तो धुतो, पंच्यानं पुसतो, बायकोकडे वळतो. मग दाराशी उभ्या तुमच्याकडे बघतो. चपला काढा.

शुक्रवारी पेज. एरवी आज क्रुसाचं चुंबन घ्यायला चर्चमध्ये रांग लागते. यंदा चुंबन फक्त विधी करणाऱ्या फादरांपुरतं. प्रार्थनांत साथीतल्या पीडितांसाठी एक नवी प्रार्थना जोडलीय, ती फोनवरून ऐकू येते. आजीनं ऐकून घेतलं आणि भिंतीवरचा क्रूस उतरवला. सुनेनं सॅनिटायझरची बाटली पुढं केली. ‘‘त्यालाही लावा आता,’’ आजी म्हणते, पण लावू देते. आधी चुंबन मात्र घेते.

दुपारी उन्हात बाहेर पडा. गावाच्या नाक्यावर दगडी क्रूस आहे. मे महिन्यात इथं माळेची प्रार्थना होते. बायका आज एकेक करून येतात, मेणबत्ती लावून निघून जातात. हा क्रूस किती जुना, ते आजीला सांगता येत नाही. पण जरा दक्षिणेला, मुंबईत, गिरगाव-बांद्र्याच्या गल्ल्यांतले कितीतरी क्रूस १८९६च्या प्लेगनंतर उभे राहिले. सप्टेंबरात मांडवीतला रोग प्लेगच आहे हे डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी ओळखलं आणि माणसं गाठोडी बांधून पळाली. उरलेल्यांनी गल्लीच्या तोंडाशी क्रूस रोवले, उघड्यावर प्रार्थना म्हटल्या. सरकारनं १८९७ साली साथरोग कायदा केला. महाराष्ट्रानं यंदा मार्चमध्ये लागू केला तो हाच. म्हणजे माणसांना घरात बसवणारा कायदा आणि उघड्यावर प्रार्थना करायला लावणारे ते क्रूस एकाच साथीची लेकरं. नाक्यावर पोलिसांची गाडी येते. हवालदार मेणबत्त्यांकडे बघतो, शिट्टी तोंडापर्यंत नेतो आणि खाली घेतो.

शनिवारी रात्री चर्चच्या आवारात होळीसारखा पेटणारा पास्काचा अग्नी नाही. तोही सूचनेत वगळलाय. थेट मोठी मेणबत्ती लागते आणि अंधारातलं गाणं सुरू होतं. गुरुवारपासून मुकी असलेली घंटा वाजते. फोनमधली आधी. नंतर, काही क्षणांनी, माडांवरून खरी. घरातले सगळे अंगणात धावतात. मिस्सा फोनमध्ये एकटीच चालू राहते.

रविवारी निघताना आजी तुम्हाला विचारते, ‘‘कधी उघडतील हो चर्च?’’

तुम्हाला माहीत आहे. १६ नोव्हेंबर, दिवाळीचा पाडवा. सात महिने. तुम्ही म्हणता, ‘‘उघडतील.’’

‘‘पावसाआधी?’’

दाराची झावळी आताच टोकाला पिवळी पडू लागलीय. तुम्ही तिच्याकडे बघत चपला घालता.