तिउ-उ

तिउ-उ हा चिनी डॉमिनोचा मासेमारीचा खेळ. अमेरिकी अभ्यासक स्ट्युअर्ट क्युलिन यांनी १८९५ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. चिनी संचात ३२ सोंगट्या असतात. कोरी बाजू एकाही सोंगटीला नसते. एक व चार हे आकडे लाल ठिपक्यांचे असतात आणि सहा-सहाच्या सोंगटीचे निम्मे ठिपके लाल असतात.

दोन किंवा तीन जण दोन संच घेऊन खेळतात. ६४ सोंगट्या पालथ्या घालून चार-चारांच्या १६ थप्प्या रचतात. चार थप्प्या उघडून मध्ये मांडतात. दोघे असल्यास प्रत्येकी १२, तिघे असल्यास प्रत्येकी आठ सोंगट्या मिळतात.

आपल्या पाळीत खेळाडू हातातली एक सोंगटी टाकतो. तिच्याइतक्याच एकूण ठिपक्यांची सोंगटी मध्ये असेल तर जोडी त्याची. उदाहरणार्थ, पाच-चारने सहा-तीन उचलता येते. नसेल तर टाकलेली सोंगटी तिथेच राहते. मग थप्पीतली एक सोंगटी उलटून तिचाही तसाच मेळ बघायचा. ही उलटलेली सोंगटी निव्वळ नशिबाची असल्याने खेळ शेवटपर्यंत रंगतो.

थप्प्या संपल्यावर उचललेल्या सोंगट्यांचे, म्हणजे 'माशांचे', गुण मोजतात. आठ किंवा अधिक ठिपक्यांचा मासा मोठा, त्याच्या प्रत्येक ठिपक्याला दोन गुण. लहान माशाच्या फक्त लाल ठिपक्यांना एकेक गुण मिळतो. म्हणून चार-एकला पाच गुण, तर तेवढ्याच ठिपक्यांच्या तीन-दोनला शून्य. सर्वाधिक गुणांचा खेळाडू जिंकतो.