नाव समुद्राचं, औषध माळावरचं

आज आपण जंतांवरच्या एका जुन्या औषधाचा इतिहास बघू. आमचा विषय तत्त्वज्ञान. त्यामुळे आम्ही या वनस्पतीकडे वळलो ते तिच्या नावामुळे.

युरोपच्या किनाऱ्यावर, भरतीचं खारं पाणी चढतं अशा दलदलीत, ही पांढुरकी, उग्र वासाची, कडू वनस्पती उगवते. आपल्या दवण्याच्या कुळातली. पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस एका 'समुद्री' कडू वनस्पतीबद्दल सांगतो: नुसती किंवा तांदळाबरोबर शिजवून मधातून द्यावी, जंत मरतात. पण ती उगवते कुठे? तर इजिप्तमध्ये, आणि कॅपडोशियातल्या टॉरस पर्वतातही! म्हणजे समुद्राचं नाव तेव्हाच डोंगर चढलं होतं. तिच्याच जोडीला तो गॉलमधल्या सांतोन लोकांच्या मुलखातली, म्हणजे आजच्या पश्चिम फ्रान्सची, एक जात सांगतो.

1753 मध्ये लिनियसने किनाऱ्यावरच्या वनस्पतीला 'आर्टेमिसिया मॅरिटिमा' म्हटलं. पुढे हिमालयातल्या तिच्या बहिणींनाही तेच नाव चिकटलं. बाजारातला मुख्य माल मात्र तुर्कस्तानच्या कोरड्या माळांवरचा, वेगळ्याच जातीचा. आपल्याकडे याच गटातल्या मालाला किरमाणी ओवा म्हणतात. तो ओवा नाही, आणि बीही नाही. त्या न उमललेल्या कळ्या असतात.

1830 मध्ये जर्मनीत कालर आणि आल्म्स यांनी त्यातलं द्रव्य वेगळं केलं. नाव पडलं सँटोनिन, त्या सांतोन लोकांवरून.

आता कुणी म्हणेल, नावात काय आहे? इथे आहे. सँटोनिनने गोल जंत लुळा पडतो, मग रेचकाने बाहेर टाकावा लागतो. मात्रा जास्त झाली की माणसाला सगळं पिवळं दिसतं, झटके येतात. लहान मुलं दगावलीसुद्धा आहेत. आणि या गटातल्या सगळ्या वनस्पतींत सँटोनिन सारखं नसतं, काहींत तर नसतंच. एका नावाखाली चार वनस्पती आल्या, की चिमूटभर म्हणजे किती, याला उत्तरच उरत नाही.

म्हणून 1950 नंतर पिपराझिनसारखी औषधं आली तेव्हा सँटोनिन मागे पडलं. आपल्याकडे 2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाला मुलांना देतात ती अल्बेंडॅझोलची गोळी 400 मिलिग्रॅमची. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी. कडू काढ्याच्या अनुभवाला आम्ही कमी लेखत नाही, त्यानंच वाट दाखवली. पण पुडीवर किरमाणी ओवा लिहिलंय एवढ्यावर मुलाच्या तोंडात ती घालू नका. आधी विचारा, यात नेमकी कोणती वनस्पती आहे, आणि किती.