डोंगराआडचा आवाज : नेपाळच्या रेडिओची कथा

१/ १ फेब्रुवारी २००५. नेपाळचे राजे ज्ञानेंद्र यांनी सरकार बरखास्त करून सत्ता आपल्या हाती घेतली. त्याच दिवशी देशातील दूरध्वनी आणि इंटरनेट बंद झाले. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत आणि एफएम केंद्रांत सैनिक येऊन बसले. केंद्रांना हुकूम मिळाला : गाणी लावा, बातम्या नकोत. राजसत्तेला चिमुकल्या रेडिओ केंद्रांची एवढी धास्ती का वाटावी?

२/ त्यासाठी मागे जायला हवे. राणांच्या राजवटीत, १९०१ साली, ‘गोरखापत्र’ निघाले. पण ते दरबाराचे पत्र होते आणि वाचू शकणारेही मूठभरच. पुढे रेडिओ आला, तेव्हा सामान्य माणसाने तो बाळगण्यावरही राणांनी निर्बंध घातले. बाहेरचे जग प्रजेच्या कानी पडणे त्यांना परवडणारे नव्हते.

३/ १९५०-५१च्या क्रांतीत नेपाळी काँग्रेसच्या लोकांनी विराटनगरहून स्वतःचे प्रसारण सुरू केले. राणाशाही कोसळली आणि २ एप्रिल १९५१ रोजी काठमांडूत ‘रेडिओ नेपाळ’ची स्थापना झाली. सुरुवातीला २५० वॅटचा एक लघुलहरी प्रक्षेपक आणि दिवसाला साडेचार तासांचे प्रसारण, एवढाच पसारा होता.

४/ बंडखोरांनी हाती धरलेले हे माध्यम लवकरच सिंहासनाचे झाले. १९६०च्या अखेरीस राजे महेंद्र यांनी निवडून आलेले सरकार मोडले आणि पक्षांवर बंदी घातली. पुढची तीस वर्षे नभोवाणी एकच सूर आळवत राहिली. १९८५मध्ये नेपाळ टेलिव्हिजन आले, पण ज्या गावांत वीजच नव्हती, तिथे बॅटरीवर चालणारा रेडिओच खरा सोबती होता.

५/ इथे भूगोलाने आपला डाव टाकला. लघु आणि मध्यम लहरी दूरवर जातात. राजधानीतून देशभर बोलता येते. एफएमच्या लहरी मात्र साधारण सरळ रेषेत जातात आणि डोंगर आडवा आला की अडतात. एका केंद्रातून सारा नेपाळ व्यापणे अशक्य. म्हणजे खोऱ्याखोऱ्यात वेगळे केंद्र हवे. आणि वेगळे केंद्र आले की वेगळी बोली, वेगळी गाऱ्हाणी आणि वेगळे प्रश्नही आलेच.

६/ १९९०च्या जनआंदोलनानंतर दार किलकिले झाले. पर्यावरण पत्रकारांच्या संघटनेने परवान्यासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि मे १९९७मध्ये काठमांडू खोऱ्यात ‘रेडिओ सगरमाथा’ सुरू झाले. दक्षिण आशियातील हे पहिले स्वतंत्र सामुदायिक रेडिओ केंद्र. भारतात खासगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा आजही नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे या घटनेचे मोल कळते.

७/ म्हणूनच २००५चा तो हुकूम. पण पत्रकार गप्प बसले नाहीत. प्रक्षेपकावरून बातम्या देता येईनात, तेव्हा त्यांनी चौकात उभे राहून ध्वनिक्षेपकावरून त्या वाचून दाखवल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी रेडिओ सगरमाथावर छापा घालून सामग्री उचलून नेली. एप्रिल २००६मध्ये रस्त्यावर उतरलेल्या जनतेपुढे अखेर राजाला नमावे लागले. पुढच्या काळात एफएम केंद्रे शेकड्यांनी वाढली.

८/ २५ एप्रिल २०१५च्या भूकंपात सुमारे नऊ हजार माणसे दगावली. अनेक केंद्रांच्या इमारती ढासळल्या, तेव्हा निवेदकांनी तंबूंतून प्रसारण चालू ठेवले. मदत कुठे मिळेल, कोणत्या अफवेवर विश्वास ठेवू नये, हे लोकांना त्यांच्याच भागातील ओळखीच्या आवाजाने सांगितले.

९/ पुढे माध्यम बदलले, सत्तेची खोड मात्र बदलली नाही. सप्टेंबर २०२५मध्ये सरकारने २६ समाजमाध्यमांवर बंदी घातली. भ्रष्टाचारावर आधीच संतापलेली तरुणाई ८ तारखेला रस्त्यावर आली. त्या एका दिवसात गोळीबारात १९ जण मरण पावले. बंदी उठली, आणि दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओली यांनी राजीनामा दिला.

१०/ राणांनी रेडिओसंच अडवले, राजाने बातम्या अडवल्या, लोकनियुक्त सरकारने समाजमाध्यमे अडवली. तिघांचीही समजूत एकच : आवाज थांबला की प्रश्नही थांबतो. २००५मध्ये काठमांडूच्या चौकात बातम्या ऐकायला जमलेल्या गर्दीने ती समजूत केव्हाच खोटी ठरवली होती.