कपाशीचे वाफे आणि गाईंचे गोठे

सुरतच्या कापूस संशोधन केंद्रात सी. टी. पटेल यांनी १९७० साली 'संकर-४' दिले. व्यापारी लागवडीचे हे जगातले पहिले संकरित कापूस वाण. विदर्भातल्या जुन्या शेतकऱ्यांनाही ठाऊक असलेले. वाण पारखताना पेच नेहमीचाच: कापूस जास्त निघाला तो वाणाच्या गुणाने, वाफ्याच्या कसाने, की त्या सालच्या पावसाने? वाण आपण निवडतो. वाफा आणि पाऊस वाट्याला येतात. म्हणून वाणाचा परिणाम स्थिर धरायचा, बाकीच्यांचा यादृच्छिक, आणि दोन्ही एकाच समीकरणात मांडायचे. हेच लिनियर मिक्स्ड मॉडेल.

याचे मूळ मात्र आकाशात आहे. एकाच रात्रीच्या सगळ्या वेधांत एक सामाईक चूक असते, हे ज्योतिर्विद जॉर्ज एअरी यांनी १८६१ मध्ये मांडले. संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी १९१८ मध्ये आनुवंशिकतेसाठी विचरणाचे (व्हेरियन्सचे) भाग पाडले. ती विद्या कपाशीवर चालवणाऱ्यांत इंदूरचे वि. गो. पानसे होते. त्यांचे आणि पां. वा. सुखात्मे यांचे १९५४ चे संख्याशास्त्राचे पुस्तक कृषी पदवीधरांच्या पिढ्यांनी वापरले. त्यातला स्प्लिट प्लॉट आठवा: मोठ्या वाफ्यांना पाण्याच्या पाळ्या, त्यांच्या पोटातल्या लहान वाफ्यांत वाण, आणि त्रुटीचे विचरण दोन पातळ्यांवर. हे मिक्स्ड मॉडेलच आहे, फक्त नाव दुसरे.

खरी उडी गोठ्यातली. कॉर्नेल विद्यापीठाच्या चार्ल्स हेंडरसन यांना वळू पारखायचे होते, पण दूध देणार त्यांच्या लेकी, त्याही वेगवेगळ्या गोठ्यांत. चारा चांगला म्हणून दूध वाढले, तर श्रेय वळूला कसे द्यायचे? त्यांच्या समीकरणांत थोड्याच लेकी असलेल्या वळूचा अंदाज सरासरीकडे ओढला जातो. नशिबाने चमकलेला वळू डोक्यावर बसत नाही. १९५० मध्ये ही समीकरणे पुढे आली. रीतसर सिद्धता १९५९ मध्ये. आधी उपयोग, मग सिद्धता!

'संकर-४'नंतर वर्षभरातच, १९७१ मध्ये, पॅटरसन आणि थॉम्प्सन यांनी असमान गटांच्या प्रयोगांत विचरणाचे भाग मोजण्यासाठी 'रेमल' पद्धत दिली. १९८२ मध्ये लेअर्ड आणि वेअर यांनी हे मॉडेल वैद्यकात रुजवले.

आज संगणकावर 'आर' या भाषेत एका ओळीत उत्तर येते. तरी शिकणाऱ्याने त्याआधी पानसे-सुखात्मे उघडून स्प्लिट प्लॉटचे एक गणित कागदावर सोडवावे.