वासराचा खरारा

वसुबारसेला दिवाळी आमच्या घरात गाईच्या पावलांनी येई, आणि गाईच्या मागोमाग वासराच्या. सकाळी दोघांना ओढ्यावर नेऊन धुवायचे, संध्याकाळी हळदकुंकू लावून ओवाळायचे. वासरू धुण्याचे काम लहानपणी माझ्याकडे असे. ते लाथा झाडी, मी चिंब होई, आणि आई म्हणे, "अरे, तू त्याला न्हाऊ घालतोयस की ते तुला?" त्या आंघोळीला परीक्षक कोणी नव्हता. वासराचे अंग स्वच्छ झाले, त्याने आईच्या कासेला तोंड लावले, की काम संपले.

पुढे मास्तरकी करताना परदेशी मासिकातले एक चित्र मी वर्गात दाखवले. दहाबारा वर्षांची अमेरिकन मुलगी काळ्याभोर गोऱ्ह्याच्या मांडीवरचे केस विंचरीत होती. जणू लग्नघरात करवलीची वेणीफणीच चालली आहे. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "गुरुजी, एवढे नटवून त्याचे करायचे काय?"

"प्रदर्शनात न्यायचे."

"आणि मग?"

घंटा झाली म्हणून मी सुटलो. पण त्या "आणि मग?"ने माझी पाठ सोडली नाही. त्याचे उत्तर शोधायला मला दोनअडीचशे वर्षे मागे जावे लागले.

इंग्लंडात लेस्टरशर परगण्यातल्या डिशली गावी रॉबर्ट बेकवेल (१७२५–१७९५) नावाचा शेतकरी राहत असे. शहरे वाढत होती, मांसाला गिऱ्हाईक वाढले होते. बेकवेलने निवडक जनावरांची जवळच्या नात्यातच पैदास करून हवे ते गुण वंशात पक्के केले. त्याची पारख केसांवर नव्हती. कापलेल्या जनावरांचे सांधे तो मिठाच्या पाण्यात मुरवून ठेवी आणि हाड किती, मांस किती हे पाहुण्यांना दाखवी. जित्या जनावराशी मात्र त्याचे वागणे मायेचे होते. त्याच्याकडचे दांडगे वळू एखादे पोर हातात बारीक छडी घेऊन कुठेही नेई. कातडीखालची पारख आणि कातडीवरचा मायेचा हात, दोन्ही एकाच गोठ्यात नांदत होते.

त्याचीच विद्या पुढे चालवणाऱ्या कॉलिंग बंधूंपैकी चार्ल्सच्या गोठ्यात, डरहॅम परगण्यात, १७९६ साली एक गोऱ्हा जन्मला. तो 'डरहॅम ऑक्स' म्हणून गाजला. १८०१ साली त्याचे वजन १,३०० किलोंहून अधिक भरले. जॉन डे ह्या गृहस्थाने तो २५० पौंडांना घेतला, खास गाडीत घालून गावोगाव फिरवला आणि तिकीट लावून दाखवला. थोड्याच दिवसांत त्याला २,००० पौंडांची मागणी आली. डेने ती नाकारली. १८०७ साली बैलाचे खुब्याचे हाड निखळले, आणि त्याला कापावे लागले. त्याचे चित्र मात्र कितीतरी घरांत टांगलेले राहिले.

अशा चित्रांचीही एक गोष्ट आहे. थॉमस ब्यूइक हा लाकडावर कोरीव चित्रे काढणारा नामांकित कलावंत. त्याला ह्याच भागात जनावरांची चित्रे काढायला बोलावले होते. मालकांनी सांगितले, इथे चरबीचा उंचवटा दाखव, तिथे दाखव. ब्यूइकला तिथे उंचवटा दिसेना. जे नाही ते काढायला त्याने साफ नकार दिला आणि ते काम गमावले. दिखाव्याची भूल अशी पहिल्यांदा कागदावर उतरली. जनावराच्या अंगावर यायला तिला वेळ होता.

१७९८ साली लंडनमध्ये स्मिथफील्ड क्लब निघाला, आणि पुष्ट जनावरांची प्रदर्शने दरसाल भरू लागली. ही कल्पना आपल्याकडेही पोचली. १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जोतीराव फुल्यांनी सरकारला सुचवले की, सालोसाल प्रदर्शने भरवून उत्तम शेतकऱ्यांना बक्षिसे द्यावीत. त्यांच्या डोळ्यांपुढे जनावराची झूल नव्हती. शेतकऱ्याचे शहाणपण होते.

"आणि मग?"चे पहिले उत्तर मला मिळाले ते १८६७ सालात. स्कॉटलंडच्या विल्यम मॅकॉम्बीचा काळा बैल 'ब्लॅक प्रिन्स' ह्याने बर्मिंगहॅम आणि स्मिथफील्ड ही दोन्ही प्रदर्शने जिंकली. राणी व्हिक्टोरियाने त्याला विंडसरला आणवून कौतुकाने पाहिले. त्याच नाताळात त्याच्या मांसाचा एक मोठा तुकडा राणीच्या मेजवानीसाठी गेला.

अमेरिकेत ह्या खटाटोपात मुले आली. १९०२ साली ओहायो राज्यात ए. बी. ग्रॅहम ह्या शिक्षकाने शेतकऱ्यांच्या मुलांचा एक मेळा जमवला. त्यातूनच पुढे 'फोर-एच' चळवळ उभी राहिली. मुलाने एक वासरू घ्यावे, त्याच्या चाऱ्याचा हिशेब वहीत लिहावा, त्याला माणसाळवावे आणि प्रदर्शनात न्यावे. चित्रातली ती मुलगी ह्यांतलीच.

तिचे काम सोपे नव्हे. उन्हाळ्यात गुरांची लव झडते. अंग गार राहिले तर ती दाट येते. म्हणून वासराला दिवसा पंख्याखाली, सावलीत बांधायचे, रोज थंड पाण्याने भिजवायचे आणि रात्री मोकळे सोडायचे. साबण लावला तर तो धुऊन पाणी निवळ येईपर्यंत पाणी घालायचे, नाहीतर कातडीवर कोंडा धरतो. कानांत पाणी जाऊ द्यायचे नाही. मग खरारा करून केस पुढे आणि वर वळवायचे, आणि वाऱ्याच्या यंत्राने त्याच दिशेने वाळवायचे. असे महिनोन्‌महिने चालते.

इथवर सारी सेवाच. प्रदर्शनाच्या दिवशी मात्र कात्री आणि चिकट फवारा बाहेर निघतो. पाठीत खळगा असेल तर तिथली लव राखून आजूबाजूची कातरायची, की पाठ सरळ दिसते. पायांचे केस चिकटवून उभे केले, की हाड भक्कम दिसते. केसांनी आता झाकायचे काम हाती घेतले.

आणि डोळ्यांना काय आवडते ह्याचा भरवसा नाही. १९४०-५० च्या सुमारास अमेरिकेतल्या परीक्षकांना ठेंगणी, गुटगुटीत गुरे आवडू लागली. पैदासकारांनी तशीच निवडली. त्यांच्या नकळत वंशात लपलेला दोष बळावला आणि हेरफर्ड, अँगस अशा जातींच्या कळपांत खुजी, धापा टाकणारी वासरे जन्मू लागली. पुढे वारे फिरले, उंच जनावरे हवीशी झाली. १९७२ साली डेन्वरच्या प्रदर्शनात मुलांच्या गटात एक काळा गोऱ्हा अँगस म्हणून सर्वश्रेष्ठ ठरला. मागाहून उघड झाले की तो मुळात पांढऱ्या शारोले वंशाचा होता आणि त्याला काळा रंग दिला होता. बक्षीस काढून घेतले. ब्यूइकने जे कागदावर काढायला नकार दिला, ते आता प्रत्यक्ष कातडीवर काढले गेले होते.

टेक्सासातल्या मोठ्या प्रदर्शनांनी ह्यावर सरळ उपाय केला: गोऱ्ह्याची लव पाव इंचापर्यंत कातरून आणायची. म्हणजे बेकवेलप्रमाणे पुन्हा कातडीखाली पाहायचे.

उरला तो मुलीचा प्रश्न. प्रदर्शन संपले की लिलाव होतो, आणि बहुतेक गोऱ्हे तिथून कसायाकडे जातात. ज्या मानेला रोज खरारा केला, तिचे दावे दुसऱ्याच्या हाती द्यायचे. पुष्कळ मुले त्या रिंगणातच रडतात. हिशेबाच्या वहीत त्या रडण्याला रकाना नसतो. तरी त्या मुलांना ढोंगी म्हणायला माझी जीभ वळत नाही. ती विंचरीत होती तेव्हा तिचा हात खराच होता. आणि दावे सोडतानाचे रडणेही खरेच.

आमचे ते वासरूही मोठे होऊन बाजारात विकले गेले. वडिलांनी कोणाला विकले, पुढे त्याचे काय झाले, हे मी कधी विचारले नाही. त्या मुलाने वर्गात विचारले, ते मी माझ्या घरात विचारायचे टाळले होते. यंदा वसुबारसेला त्याची आठवण झाली, ती ओवाळण्याची नव्हे. ओढ्यावर माझ्या तळहाताखाली थरथरलेल्या त्या ओल्या पाठीची.