मुद्रकाच्या नावाची ओळ

१/ १४ सप्टेंबर १८९७. मुंबई उच्च न्यायालयात 'केसरी'कार टिळकांवरील राजद्रोहाच्या खटल्याचा निकाल लागला. नऊ ज्यूरींपैकी सहा युरोपीयांनी त्यांना दोषी मानले, तिघा भारतीयांनी निर्दोष. शिक्षा : दीड वर्षे सक्तमजुरी.

२/ सारा खटला कलम १२४अ मधील 'डिसअफेक्शन' या एका शब्दावर उभा होता. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी त्याचा अर्थ लावला : सरकारविषयी प्रीतीचा अभाव. प्रत्यक्ष बंडाची चिथावणी सिद्ध होण्याची आवश्यकता उरली नाही. शब्द जितका सैल, तितका सत्तेचा हात लांब.

३/ टिळकांसोबत 'केसरी'चा मुद्रकही आरोपी होता. तो निर्दोष सुटला. मुळात तो न्यायालयापर्यंत आला कसा? १८६७ च्या कायद्यानुसार प्रत्येक वृत्तपत्रावर मुद्रकाचे नाव व छपाईचे ठिकाण देणे बंधनकारक होते. ती ओळ पाळत ठेवण्यासाठी होती हे खरे. पण तिच्यामुळे प्रत्येक छापील शब्दाला एक उत्तरदायी माणूस लाभला, हेही तितकेच खरे.

४/ १५ ऑगस्ट १९९५ रोजी 'विदेश संचार निगम'ने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. पुढे ते मोबाइलवर आले आणि ज्याच्या हाती फोन, तो संपादकही झाला आणि मुद्रकही.

५/ सैल शब्दांचा कायदाही मागोमाग आला. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ नुसार ऑनलाइन मजकुराने कुणाला 'त्रास' वा 'गैरसोय' झाली, तरी तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकत असे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न विचारला, दुसरीने तो 'लाइक' केला. दोघींना अटक झाली. लावलेल्या कलमांत ६६अ होते.

६/ २४ मार्च २०१५ रोजी 'श्रेया सिंघल' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६६अ रद्द केले. चर्चा आणि पुरस्कार या गोष्टी वेगळ्या, चिथावणी वेगळी, असे न्यायालयाने स्पष्ट केले. स्ट्रेची यांनी पुसलेली सीमारेषा पुन्हा आखली गेली.

७/ कथा येथे संपती, तर सुखान्त म्हणता आली असती. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा. मुले पळवणाऱ्या टोळ्यांची अफवा मोबाइलवरून पसरली होती. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात ठार मारले. लोकशाहीची सर्वांत धाकटी वास्तू ती!

८/ जमावातील माणसांवर खटला भरता येतो. अफवेचा मात्र ना संपादक सापडतो, ना मुद्रक. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा घातली आणि संदेशावर 'फॉरवर्डेड' अशी खूण आणली. मजकूर दुसरीकडून आला, एवढेच ती खूण सांगते. कोणाकडून, हे नाही.

९/ टिळकांचा खटला आणि पालघरची अटक दाखवतात, की बोलणाऱ्याला सैल कायद्यापासून संरक्षण हवे. राईनपाडा दाखवतो, की तेवढे पुरेसे नाही. मुद्रकाच्या नावाची ओळ कागदावरून गेली. तिच्यासोबतची जबाबदारी आता संदेश पुढे पाठवणाऱ्या प्रत्येक हाताकडे आली आहे. ती स्वेच्छेने पेलली गेली नाही, तर पुढचा सैल कायदा करायला सत्तेला निमित्त शोधावे लागणार नाही.