माणसाचे धान्य आणि डुकराचे धान्य

शेतात पिकलेला सातू माणसाच्या ताटात जावा की जनावराच्या गव्हाणीत, हा प्रश्न सुकाळात कोणी फारसा विचारीत नाही. ज्याच्या पदरी पैसा अधिक त्याच्याकडे धान्य जाते. बाजार तो निवाडा मुकाट्याने करून टाकतो. परंतु बंदरे बंद पडली, परदेशी गलबते येईनाशी झाली, की हाच प्रश्न राज्यकर्त्यांच्या दारात येऊन उभा राहतो. 1914 ते 1918 च्या पहिल्या महायुद्धात तो जर्मनी व डेन्मार्क या दोन शेजारी देशांपुढे असाच उभा राहिला. दोघांनीही डुकरे मारली. एकाच्या वाट्याला उपासमार आली. दुसऱ्याच्या राजधानीत मृत्यूचे प्रमाण उलट घटले. असे का व्हावे, हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम जर्मनीची हकीकत. युद्ध सुरू झाले तेव्हा त्या देशात सुमारे अडीच कोटी डुकरे होती. इंग्रजी आरमाराने नाकेबंदी करताच पॉल एल्ट्सबाखर यांच्या पुढाकाराने काही शास्त्रज्ञ एकत्र आले आणि 1914 साल संपण्यापूर्वीच त्यांनी अन्नाचा हिशेब मांडला. गाय गवतावर जगते, पण डुक्कर बटाटे व धान्य खाते, म्हणजे ते माणसाच्याच ताटातले खाते. आणि खाल्लेल्या अन्नाचा थोडाच अंश मांसचरबीच्या रूपाने परत देते. सबब डुकरे कमी करावीत, असा त्यांचा सल्ला होता. हिशेब शास्त्रदृष्ट्या खोटा नव्हता. 1915 च्या वसंतात सुमारे नव्वद लाख डुकरे कापली गेली. लोकांनी पुढे या प्रकाराला ‘डुकरांचा खून’ असेच नाव दिले.

घोटाळा झाला तो अंमलबजावणीत. आपल्याजवळचे बटाटे सरकार उचलून नेईल, या भीतीने शेतकऱ्यांनी साठे कमी सांगितले होते. त्या खोट्या आकड्यांवर कत्तलीची निकड ठरली. एकदम बाजारात आलेले मांस टिकवण्याची सोय अपुरी होती. डबाबंद केलेल्यापैकी पुष्कळ नासले. पुढे चरबीचा तुटवडा पडला आणि शेतांना खत मिळेना. त्याहून मोठी चूक भावांची. धान्य व बटाटे यांचे कमाल दर सरकारने आधी बांधले, मांसाचे मात्र मोकळे ठेवले. मग ज्या शेतकऱ्याला धान्य विकून चार पैसे मिळत होते आणि तेच जनावराला चारून आठ मिळत होते, त्याने काय करावे? त्याला देशद्रोही म्हणणे सोपे आहे; पण त्याने केले ते कोणत्याही प्रपंची माणसाने केले असते.

1916 च्या पावसाळी हंगामात बटाट्यावर रोग पडून पीक निम्म्यावर आले. त्यानंतरचा हिवाळा जर्मन लोकांच्या स्मरणात ‘सलगमाचा हिवाळा’ म्हणून राहिला. सलगमाच्या जातीचा तो जाडाभरडा कंद एरवी गुराढोरांना घालीत. तो आता माणसे पावात, मुरंब्यात, कॉफीच्या ऐवजीसुद्धा वापरू लागली. जनावरांच्या तोंडचे धान्य माणसाला मिळावे म्हणून जनावरे मारली, आणि शेवटी माणसालाच जनावराची वैरण खावी लागली.

आता डेन्मार्ककडे वळू. अमेरिका व रशिया येथील स्वस्त धान्याने 1870 नंतर युरोपचे बाजार भरले, तेव्हा डॅनिश शेतकऱ्याने धान्य विकण्याचा नाद सोडून ते जनावरांना चारण्याचा धंदा पत्करला. 1882 मध्ये पहिली सहकारी दुग्धशाळा व 1887 मध्ये पहिला सहकारी बेकन-कारखाना निघाला. इंग्रजांच्या न्याहारीचे लोणी आणि खारवलेले मांस डेन्मार्कहून जाऊ लागले. पण त्यामागे परदेशी मका व पेंड होती. तीस लाखांच्या आतबाहेर लोकवस्तीच्या या देशात 1914 साली जवळजवळ पंचवीस लाख डुकरे होती, ती निव्वळ घरच्या पिकावर पोसणारी नव्हती. 1917 मध्ये जर्मन पाणबुड्यांनी समुद्र धोक्याचा केला, अमेरिका युद्धात उतरली, आणि ही आवक तुटली.

सरकारचा आहारविषयक सल्लागार होता मिकेल हिंडहेडे नावाचा डॉक्टर. तो शेतकऱ्याच्या घरचा. 1910 पासून कोपनहेगनच्या पोषण-प्रयोगशाळेचा प्रमुख. माणसाला रोज 118 ग्रॅम प्रथिने हवीतच, या जर्मन शास्त्रज्ञ फॉइट याच्या दंडकाशी त्याचे जुनेच वैर. केवळ बटाटे व मार्गारीन यांवर महिनोन् महिने माणूस धडधाकट राहतो, हे त्याने आपल्या सहायकावर प्रयोग करून दाखविले होते. युद्धाने या हट्टी गृहस्थाच्या हाती एक अख्खे राष्ट्रच प्रयोगाला दिले.

डुकरांची संख्या 1918 पर्यंत सहा लाखांच्या आसपास आली. गाई मात्र त्या प्रमाणात कापल्या नाहीत. तृतीयांशाच्या आसपासच कमी झाल्या, म्हणजे दूध राहिले. राय नावाच्या धान्याचे सबंध पीठ, त्यात गव्हाचा कोंडा व सातू मिसळून केलेला पाव सर्वांना मिळू लागला. जो कोंडा पूर्वी डुकराचा होता तो माणसाचा झाला. दारू गाळण्याकडे जाणारे धान्य व बटाटे आवरले, आणि मद्यावर असा कर बसविला की गरिबाला ते परवडेना. गरिबाचे अन्न पाव, सातूची पेज, बटाटे, भाजी, दूध व थोडे लोणी एवढ्यावर आले.

कोपनहेगनमधील मृत्युसंख्येवर हिंडहेडेने 1920 मध्ये अमेरिकन वैद्यक संघाच्या नियतकालिकात लेख लिहिला. ऑक्टोबर 1917 पासूनच्या वर्षात मृत्यूचे प्रमाण दरहजारी 10.4 वर आले. पूर्वी ते 12.5 च्या खाली कधी गेले नव्हते, असे त्याचे आकडे आहेत. याचे सारे श्रेय कोंड्याच्या पावाला देण्याचा त्याचा उत्साह मला तरी पटत नाही. मद्य महागले याचा वाटा त्यात मोठा असला पाहिजे. शिवाय डेन्मार्क तटस्थ होते, त्याचे तरुण खंदकात मरत नव्हते, आणि माणशी जमीन जर्मनीपेक्षा अधिक होती. जर्मनीत तर नत्र खताऐवजी दारूगोळ्यात गेले. घोडे व गडी आघाडीवर गेले. तुलना करताना हे पारडे विसरून चालणार नाही. तरीही उपासमार टळली, हे खरे. आणि ती नुसती डुकरे मारल्याने टळली नाही. धान्य, कोंडा व बटाटे गव्हाणीत पोचण्यापूर्वी हाती घेऊन गरिबाच्या ताटापर्यंत नेले, म्हणून टळली.

सोलापूर-विजापूरकडचा शेतकरी येथे म्हणेल, माझ्या बैलाने कुणाचे धान्य खाल्ले? त्याचे म्हणणे रास्त आहे. ज्वारीचे दाणे माणसाला आणि कडबा जनावराला, अशी वाटणी त्या पिकानेच करून ठेवली आहे. तेथे भाकरी आणि वैरण यांचे भांडण नाही. 1964 मध्ये बुटकी संकरित ज्वारी आली तेव्हा दाणा अधिक असूनही कडबा कमी व निकस म्हणून शेतकऱ्याने नाके मुरडली, ती अडाणीपणाने नव्हेत. दाण्याची गोष्ट वेगळी. आज आपल्याकडील मक्याचा मोठा हिस्सा कोंबड्यांच्या खाद्याला जातो, तेथे डेन्मार्कच्या डुकराचाच प्रश्न लागू पडतो.

इंग्लंडने 1939 नंतर हा भेद ओळखून कुरणे नांगरली, डुकरे निम्म्याहून कमी केली, आणि दुभत्या गाई जपल्या.

आणि डेन्मार्क? तह झाले, समुद्र मोकळा झाला, पेंड व मका पुन्हा बंदरात उतरू लागला. हिंडहेडे 1932 पर्यंत प्रयोगशाळेत आपल्या सिद्धांताचा पाठपुरावा करीत राहिला. तोवर देशातील डुकरांची संख्या पन्नास लाखांच्या वर गेली होती.